साखळीवाल्याचा मोजणीदार झाला

मोजणी कार्यालयात त्याला सगळे पेन्सिल्या म्हणत. कानावर पेन्सिल खोचल्याशिवाय तो कधी कुणाला दिसला नाही, आणि साखळीवाल्याला पेन्सिलीचं काय काम, हा तिथला जुना विनोद होता. साखळीवाल्याचं काम ओझ्याचं. एका खांद्यावर दुर्बिणीची पेटी, दुसऱ्यावर तीन पायांची घोडी, आणि मोजणीदार साहेबांच्या मागून चालायचं. साहेब दाखवतील तिथे घोडी उभी करायची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरून उन्हात ताटकळायचं, साहेबांनी हात केला की खुंटी ठोकायची. खरी साखळी केव्हाच इतिहासजमा होऊन तिच्या जागी फीत आली होती, पण पदाचं नाव तेच राहिलं. नाव बदललं तर पगारही बदलावा लागेल ना, असं लंब्या म्हणायचा.

लंब्या त्याचा जोडीदार. दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागले आणि बावीस वर्षं एकाच घोडीच्या दोन बाजूंना राहिले. लंब्या ताडमाड उंच, तोंडाने फटकळ. पेन्सिल्या बुटका आणि मितभाषी. लग्नं व्हायच्या आधी दोघंही लंब्याच्या थोरल्या बहिणीकडे जेवत. तिला दोघंही ताईच म्हणत. नवरा गेल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान काढलं होतं. एक लांब टेबल, दोन जड इस्त्र्या, आणि भिंतीला लावलेली दोरी. समोरच्या डॉक्टरांपासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांचे कपडे तिच्या हाताखालून जायचे. जेवायला बसले की ती वाढता वाढता विचारायची, "आज कुणाची जमीन मोजलीत?" आणि लंब्या सांगायचा, "आम्ही कसली मोजतोय. साहेब मोजतात, आम्ही उभे राहतो."

पेन्सिल्याच्या मनाला हे लागायचं. त्याचा बाप नळाच्या पायपांसाठी चर खणायचा. खडूने आखलेल्या रेघेच्या आत खणायचं, रेघेबाहेर कुदळ गेली तर मुकादमाचं ऐकून घ्यायचं. रेघ मारणारा माणूस सकाळी येऊन जायचा, बापाने त्याला कधी नीट पाहिलंही नव्हतं. पेन्सिल्या नोकरी लागल्याचं घरी सांगायला गेला, तेव्हा बाप म्हणाला होता, "बरं झालं, रेघ मारणाऱ्याच्या जवळ तरी गेलास."

जवळ राहून तो शिकला. साहेब जेवायला बसले की दुर्बिणीला डोळा लावायचा. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. माणसं डोक्यावर उभी, झाडं वरून खाली वाढलेली. पहिल्यांदा तो दचकला, मग सवय झाली. आकडा साहेबांच्या आधी त्याला कळायला लागला, पण तो बोलायचा नाही. फक्त साहेबांनी चुकीचा आकडा लिहिला की खोकायचा. दोनतीन साहेब त्या खोकल्यावर विसंबून निवृत्त झाले.

मग एक परिपत्रक आलं. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या चतुर्थ श्रेणीच्या माणसांना मोजणीदाराची परीक्षा देता येईल. लंब्या आणि पेन्सिल्या दोघांनीही अर्ज भरला, दोघंही नापास झाले. लंब्या म्हणाला, "माझी हौस फिटली." पेन्सिल्याने पुन्हा भरला. त्याची मुलगी तेव्हा दहावीला होती. बायको शाळेच्या स्वयंपाकघरातून दमून येई आणि बघत बसे, तर लेक बापाला त्रिकोणमिती शिकवतेय.

"बाबा, समोरची बाजू भागिले कर्ण. पाठ नका करू, समजून घ्या."

"म्हणजे घोडी काठीच्या जवळ आणली की मान वर करावी लागते, आणि लांब नेली की लागत नाही. एवढंच ना?"

मुलीने वहीवर त्रिकोण काढून पाहिला. "हो. एवढंच."

"मग इतकं अवघड करून का लिहितात?"

दुसऱ्यांदाही तो चार गुणांनी गेला. तिसऱ्या वर्षी लंब्याने त्याला कामावर वेळ काढून दिला. साहेब पुढे गेले की म्हणायचा, "तू बस सावलीत, वाच. मी धरतो दोन्ही काठ्या. देवाने मला एवढा लांब उगाच केला नाही." वर्षभर त्याने दोघांचं ओझं वाहिलं. पेन्सिल्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पास झाला.

नेमणुकीचा कागद हातात आला तेव्हा बायकोने तो दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "कच्ची नेमणूक म्हणजे?"

"दोन वर्षं बघतात. काम नीट केलं तर पक्की. नाहीतर परत जुन्या जागी."

"मग दोन वर्षं तोंड सांभाळा," ती म्हणाली. आयुष्यभर जो माणूस चार शब्दांच्या वर बोलला नाही, त्याला हे सांगावं लागतंय याचं दोघांनाही हसू आलं.

पहिल्या दिवशी तो नव्या सदऱ्यात कार्यालयात गेला. काम ठरलं, जीप आली, आणि सवयीने त्याने वाकून घोडी खांद्यावर घेतली.

"खाली ठेव," लंब्या म्हणाला.

"असू दे रे. रोजचंच आहे."

"खाली ठेव म्हणतो ना. तू उचललीस तर मी काय करायचं? वरच्यांनी पाहिलं तर म्हणतील, मोजणीदार आपलं आपण उचलतात, मग साखळीवाले पोसायचे कशाला?" मग घोडी त्याच्या खांद्यावरून काढून घेत तो आवाज न चढवता म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा, साहेब."

त्या 'साहेब'मध्ये टोमणा होता की नव्हता, हे पेन्सिल्याला पुढे कित्येक दिवस ठरवता आलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

कार्यालयाच्या उपाहारगृहात मोजणीदारांचं टेबल खिडकीशी होतं. साखळीवाले मागच्या दाराच्या पायऱ्यांवर डबे उघडत. पहिल्या दिवशी तो पायऱ्यांवर गेला, तर चाललेल्या गप्पा बंद पडल्या आणि एकाने उठून त्याला जागा करून दिली. बावीस वर्षांत त्याच्यासाठी तिथे कुणी उठलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो टेबलाशी गेला. तिथे कुणी उठलं नाही, गप्पाही थांबल्या नाहीत. त्या त्याच्या डोक्यावरून चालत राहिल्या. मुलांची कॉलेजं, जावयांच्या बदल्या, कुणाच्या वडिलांनी कुठल्या जिल्ह्याची मोजणी केली होती. त्याच्या बापाने अर्ध्या शहराचे चर खणले होते, पण ते बोलायचं ठिकाण ते नव्हतं. महिन्याभरात तो आपल्या मेजावरच डबा खायला लागला.

घरी मात्र बदल गोड होता. शेजारी सही-शिक्क्याचे कागद विचारायला येऊ लागले. घरमालक दारात उभा राहून बोलायचा तो आत येऊन बसू लागला. मुलीने कॉलेजचा अर्ज भरताना वडिलांच्या व्यवसायासमोर 'मोजणीदार' लिहिलं. आधी ती तिथे नुसतं 'नोकरी' लिहायची. त्याने ते वाचलं, आणि आपल्याला किती बरं वाटलं याचीच त्याला थोडी लाज वाटली.

नेमणुकीला चौदा महिने झाले आणि दवाखान्याच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. ताईचं घर त्याच रस्त्यावर. रस्त्याच्या मधोमध रेघ धरायची, तिच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मीटर मोजायचे, आत येईल ते पाडायचं. मधली रेघ आखायचं काम पेन्सिल्याकडे आलं.

नकाशा त्याने मेजावर पसरला आणि पट्टी लावून पाहिली. साखळीवाल्याला नकाशा कधी दिसत नाही. त्याला दिसते ती जमीन आणि साहेबांचा हात. मोजणीदार झाल्यावरची कामंही जुन्याच हद्दींची होती. नवी रेघ जमिनीवर येण्याआधी पेन्सिल्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होता, आणि ती मधोमध नव्हती. सुरुवातीला होती, शेवटी होती, पण दवाखान्यापाशी ती साठ सेंटिमीटर एका अंगाला सरकली होती. तेवढ्याने डॉक्टरांच्या आवाराची भिंत आणि पुढचा दगडी जिना वाचत होता. समोरच्या बाजूला ताईच्या पुढच्या खोलीची भिंत रेघेत येत होती, आणि भिंत गेली की खोलीच जात होती. रेघ खरोखर मधे असती तर ताईची फक्त पायरी गेली असती.

तो ज्येष्ठ मोजणीदारांकडे गेला. ते निवृत्तीला आलेले, वाईट नसलेले गृहस्थ होते.

"साहेब, मधली रेघ इथे मधे नाही."

त्यांनी चष्मा वर केला. नकाशाकडे त्यांनी पाहिलंच नाही, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. "ती वरून ठरून आलीय. आपण ठरवत नाही, आपण जमिनीवर उतरवतो."

"पण मोजल्यावर फरक दिसेल."

"कुणाला दिसेल? बघणारा तूच आहेस." मग जरा मऊ होऊन ते म्हणाले, "तुझी नेमणूक अजून कच्ची आहे. मी तुझ्याबद्दल चांगलं लिहिलंय. मला खोटं पाडू नकोस."

बाप रेघेच्या आत खणत होता, तसाच आपणही अजून आतच आहोत, एवढं त्याला मेजावर परत येता येता कळलं.

दोन दिवसांनी घोडी रस्त्यावर उभी राहिली. पेन्सिल्या दुर्बिणीशी, लंब्या ऐंशी मीटरवर काठी घेऊन, बरोबर ताईच्या दारासमोर. नकाशात काय आहे ते लंब्याला माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की काठी जितकी डॉक्टरांच्या बाजूला जाईल तितकं बहिणीचं घर वाचेल. पेन्सिल्याने हात करून त्याला रेघेवर आणलं. लंब्या आला, थांबला, आणि खुंटी टेकवताना सहज पाय बदलल्यासारखं करून हातभर पलीकडे सरकला. मग काम झाल्यासारखा हात वर केला.

दुर्बिणीत तो उलटा दिसत होता, पाय वर, डोकं खाली, आणि त्या उलट्या चेहऱ्यावरचे डोळे सरळ भिंगात बघत होते. ताई दारात इस्त्री करत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पेन्सिल्याला ठाऊक होतं ते असं, की लंब्याची खुंटी नकाशापेक्षा खरी होती. रस्त्याचा मध्य तिथेच कुठेतरी होता. दोन्ही हात खाली केले की लंब्या ठोकणार, कागदावर नकाशातलेच आकडे लिहायचे, आणि वरच्यांना कळेपर्यंत महिना जाईल. कळल्यावर पहिला जाईल तो काठीवाला, कारण खुंटी त्याने ठोकली. दुसरा तो स्वतः. हे सगळं त्याच्या मनात आलं, पण त्याच्याही आधी मुलीचा अर्ज आला, आणि आत येऊन बसणारा घरमालक. पुढे आयुष्यभर त्याने ही गोष्ट स्वतःपासून लपवली नाही.

त्याने उजवा हात बाजूला केला. सरक.

लंब्या हलला नाही.

त्याने पुन्हा हात केला. मागे जीप खोळंबली होती, चालक खाली उतरून बघायला लागला. लंब्या आणखी क्षणभर उभा राहिला. मग काठी उचलून हातभर अलीकडे आला, आणि खूण व्हायची वाट न बघता खुंटी ठोकली. ती तंतोतंत रेघेवर होती. बावीस वर्षांचा हात होता तो.

उरलेल्या खुंट्या संध्याकाळपर्यंत ठोकून झाल्या. जीप कार्यालयाकडे वळली तेव्हा पेन्सिल्या मधेच उतरला आणि चालत ताईकडे गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बस. चहा टाकते."

"नको, ताई. पुढची खोली जाणार."

तिने हातातली घडी पूर्ण केली. "सगळी?"

"सगळी. पुढची भिंत रेघेत येतेय, ती पडली की छप्पर राहत नाही."

"रेघ तू मारलीस?"

"हो."

"तुझ्या जागी दुसरा असता तर वेगळी आली असती का?"

"नसती."

"मग हे सांगायला कशाला आलास?"

"दुसऱ्याकडून कळू नये म्हणून."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला तिने चार वर्षं जेवू घातलं होतं. "कळलं," ती म्हणाली. "आता जा. गिऱ्हाईक यायची वेळ आहे."

 दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात लवकर जाऊन त्याने मोजणीची वही उघडली. वहीच्या शेवटच्या रकान्यात शेरा लिहायची सोय असते. तिथे बहुधा लोक 'काम पूर्ण' एवढंच लिहितात. त्याने लिहिलं: 'दवाखान्यासमोर नकाशातील मधली रेघ प्रत्यक्ष मध्यापासून साठ सेंटिमीटर पूर्वेस आहे. खुंट्या नकाशाप्रमाणे ठोकल्या आहेत.' खाली सही केली. धैर्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं. काल ते रस्त्यावर दाखवता आलं असतं. पण लिहिलं ते खरं होतं, आणि शाईने लिहिलं होतं.

ज्येष्ठांनी वही वाचली आणि मिटून ठेवली. त्याची नेमणूक आणखी दोन वर्षं कच्ची राहिली, आणि त्याला दूरच्या टेकड्यांवरच्या मोजणीला पाठवलं. तिथे साखळीवाला दुसरा होता. लंब्या शहरातच राहिला. त्याने पेन्सिल्याबद्दल बोलणंच टाकलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "कोण? ते साहेब होय."

पुढची खोली पावणेदोन तासांत पडली. ताई त्या दिवशी घरी थांबली नाही. मागच्या खोलीत टेबल मावेना, आणि गिऱ्हाईक बोळातून मागे कशाला येतंय? मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ती चादरींच्या घड्या घालायला लागली. कालपर्यंत गल्लीतली सगळी माणसं तिच्या दारात येऊन "ताई, उद्या मिळतील ना?" म्हणायची. आता ती पत्र्याच्या कपाटात चपला ठेवून, गळ्यात बिल्ला अडकवून रांगेत उभी राहायची.

दोन वर्षांनी त्याच रस्त्यावरचा एक लोहार कोर्टात गेला. त्याच्या भट्टीवरही अशीच रेघ आली होती. वकिलाने जुन्या वह्या मागवल्या, आणि पेन्सिल्याचा शेरा सर्वांसमोर वाचला गेला. पुढचं पाडकाम थांबलं. उरलेल्या रस्त्याची रेघ पुन्हा आखली, डॉक्टरांची भिंत मागे सरकली. लोहाराची भट्टी वाचली. ताईची खोली तेव्हा रस्त्यात गाडली गेली होती, तिच्यावरून बस जात होती. भरपाईच्या अर्जाचं उत्तर तिला आजतागायत आलेलं नाही.

शेरा कोर्टात वाचला गेला त्या आठवड्याच्या रविवारी लंब्या टेकडीवरच्या तळावर आला. बसने तीन तासांचा रस्ता. पेन्सिल्या तंबूबाहेर सदरा धूत होता.

"रेघ वाकडी होती हे तुला आधीच माहीत होतं," लंब्या म्हणाला. तीन वर्षांनी तो 'तू' म्हणत होता, पण त्यात सलगी नव्हती.

"हो."

"मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू खुंटी परत रेघेवर आणली नसतीस."

"नसतीच आणली."

"मग तुझी नोकरी गेली असती."

लंब्या हसला, पण त्यात हसू नव्हतं. "म्हणजे माझी नोकरी वाचवलीस म्हणतोस?"

पेन्सिल्याने सदरा पिळला. "नाही. माझी वाचवली."

लंब्या खाली दगडावर बसला. इतका वेळ तो भांडायला उभा होता आणि भांडायला काही उरलंच नाही, असं त्याचं झालं. मग तो म्हणाला, "वर्षभर मी तुझी काठी धरली. तू साहेब व्हावास म्हणून. मला वाटलं, आपला एक माणूस तिकडे गेला की तिकडची माणसं जरा आपल्यासारखी होतील."

"मलाही तसंच वाटलं होतं."

परतीची बस येईपर्यंत दोघं बसले. बोलणं झालं ते गुडघ्यांचं आणि नव्या यंत्राचं. ते यंत्र एकटा माणूस चालवतो, काठी धरायला कुणी लागत नाही. साखळीवाल्याची रिकामी झालेली जागा आता भरायची नाही, असं ठरल्याचं लंब्या सांगत होता.

पेन्सिल्या शेवटी पक्का झाला, शहरात परत आला आणि मोजणीदार म्हणूनच निवृत्त झाला. त्याच्या वर जायची आणखी दोन पदं होती, ती त्याला कुणी दिली नाहीत आणि त्याने मागितली नाहीत. मुलगी तोवर पुलांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत लागली होती. ताईशी त्याचं बोलणं अकरा वर्षं नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात लंब्या निरोप घेऊन आला. "ताईने बोलावलंय. कशाला ते मला विचारू नकोस, मलाही सांगितलं नाही."

ताई तेव्हा धुलाईखान्याच्या इस्त्री विभागाची प्रमुख झाली होती. चाळीस बायका तिच्या हाताखाली. तिने त्याला मागच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर न काढता आपल्या कामाचं सांगायला लागली.

"वाफेच्या यंत्रापाशी उभं राहवत नाही इतकी धग. कुणालाही तिथे पाठवलं की ती माझ्याकडे अशी बघते की मीच ते यंत्र बनवलंय. परवा एकीने चादर जाळली. मला वर कळवावं लागलं. तोवर ती रोज माझ्या शेजारी डबा खात होती. काल मी बसले तशी ती उठून गेली."

पेन्सिल्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुला बोलावलं ते यासाठी, की पाळ्या कशा लावू? कुणीतरी त्या यंत्रापाशी जाणारच. पण रोज तीच तीच नको. तुला रकाने आखायची सवय आहे."

त्याने कागद मागितला. चाळीस नावं, सहा दिवस, आणि धगीपाशी आठवड्यात कुणीही दोनदा जायचं नाही. दोघं दुपारभर बसले. लंब्या मधेमधे म्हणत होता की हिला वगळा, तिचे गुडघे दुखतात, आणि ताई म्हणत होती की गुडघे सगळ्यांचेच दुखतात. एका रकान्यात एक नाव कमी पडत होतं. पेन्सिल्याने दोनदा मोजलं.

"जागा एक्केचाळीस, नावं चाळीस, ताई. सोमवारी धगीपाशी एक कमी पडते."

"माझं नाव टाक," ती म्हणाली. "आणि अक्षर जरा मोठं काढ, बायकांना लांबून वाचता आलं पाहिजे."